गेहजीची काठी

बायबलमधल्या शूनेम गावच्या त्या मुलाची गोष्ट नागपुरात मे महिन्यात वाचली की फार जवळची वाटते. कापणीचे दिवस. पोरगं बापामागे शेतात गेलेलं. एकदम ‘माझं डोकं, माझं डोकं’ म्हणायला लागतं. बाप गड्याला सांगतो, याला उचलून आईकडे ने. दुपारपर्यंत ते आईच्या मांडीवर असतं आणि मग जातं. दुसरं राजे, चौथा अध्याय. आजाराचं नाव तिथे लिहिलेलं नाही, पण नवतप्यात, मे-अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ऊन लागलेलं लेकरू ज्यानं पाहिलंय त्याला पहिला अंदाज कशाचा येईल हे सांगायला नको.

आई मुलाला अलीशा संदेष्ट्याच्या खाटेवर ठेवते, दार ओढून घेते आणि गाढवावर बसून निघते. समोरून अलीशाचा चाकर गेहजी येतो आणि विचारतो, सगळं ठीक ना? ती ‘ठीक आहे’ म्हणते आणि पुढे जाते. हे ‘ठीक आहे’ नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत लेकरांच्या कोणत्याही वॉर्डाबाहेर दिवसभर ऐकू येतं. पुढे ती अलीशाचे पाय धरते तेव्हा गेहजी तिला बाजूला सारू पाहतो. अलीशा म्हणतो, राहू दे तिला, तिचा जीव कासावीस आहे, आणि का ते परमेश्वरानं मला कळवलेलं नाही. संदेष्टा असून तो ‘मला कळवलेलं नाही’ म्हणतो. आजाऱ्याच्या भेटीला जाणाऱ्यानं घरून निघताना एवढं एक वाक्य बरोबर घ्यावं.

अलीशा आधी गेहजीच्या हाती आपली काठी पाठवतो. काठी मुलाच्या तोंडावर ठेवतात. आवाज नाही, हालचाल नाही. मग तो स्वतः जातो, दार लावून प्रार्थना करतो, मुलावर पाखर घालतो, हातावर हात ठेवतो, उठून खोलीत येरझारा घालतो, पुन्हा तसंच करतो. मूल सात वेळा शिंकतं आणि डोळे उघडतं.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजारी लेकरांसाठी जी प्रार्थना होते, तिच्यातली बरीचशी गेहजीची काठी असते. ग्रुपवर जोडलेले हात, ‘आमेन’, ‘प्रभू बरं करो’. वाईट काहीच नाही त्यात. पण त्या आईला रात्री दोन वाजता त्याचा किती उपयोग होतो, हे तिलाच विचारावं.

मग प्रार्थना करावी कशी? आधी आईबापांचं बघू. पाहुण्यांचं नंतर.

वॉर्डात लांब प्रार्थना होत नाही. तसा प्रयत्न केला की मधेच सिस्टर येते, मशीन वाजतं, मूल उठतं, आणि अर्धवट राहिलेल्या प्रार्थनेचा वेगळाच अपराध मनाला लागतो. म्हणून प्रार्थना वॉर्डाच्या घड्याळाला बांधायची. औषधाची वेळ, सलाईन बदलायची वेळ, राउंड, रिपोर्ट, दिवे बंद. प्रत्येक वेळी दोन-तीन वाक्यं, बस. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर वेळ, ताप, दिलेलं औषध, किती पाणी पोटात गेलं, लघवी किती वेळा झाली. उजव्या पानावर त्या वेळेची एक ओळ प्रार्थना. डावं पान राउंडला डॉक्टरांच्या कामी येतं, कारण ‘लघवी कधी झाली होती?’ हा प्रश्न हमखास येतो आणि जागरणानं डोकं सुन्न असताना उत्तर आठवत नाही. उजवं पान पंधरा दिवसांनी तुमच्या कामी येतं.

प्रार्थना नेमकी असू द्या. सुई लावायची असेल तर ‘बरं कर’ म्हणण्यापेक्षा असं म्हणा: ‘प्रभू येशू, शीर पहिल्यांदाच सापडू दे. सिस्टरचा हात स्थिर ठेव. लेकराची भीती कमी कर.’ अंगातलं पाणी कमी झालेल्या मुलाची शीर खरंच सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं. तेव्हा ही मागणी बारीकसारीक नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी, जिथे आईबापांना थांबवतात तिथे: ‘इथून पुढं मला जाता येत नाही. तू जा.’ रिपोर्टची वाट पाहताना: ‘कागदावर काय आहे ते तुला ठाऊक आहे. ऐकायला बळ दे, आणि डॉक्टरांना पुढची वाट सुचव.’ रात्री काहीच सुचत नसेल तर श्वास आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. मुलाचा हात हातात असला तर त्याच्या श्वासाबरोबर म्हणा. फार जुनी रीत आहे ही.

आणि तेही जमत नसेल तर? चार जणांनी उचलून आणलेल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहे. येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं तिथे लिहिलंय, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. त्या दिवशी तुमचा विश्वास दुसऱ्यांनी उचलायचा, एवढंच. राग येत असेल तर तोही देवापुढे ठेवायला बंदी नाही. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा प्रश्न पहिल्या दोन वचनांतच चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही. तरी ते शास्त्रात आहे.

मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. त्याचा मुलगा आकडीनं जमिनीवर आपटतो, तोंडाला फेस येतो. येशू लगेच बरं करत नाही. आधी विचारतो, हे याला कधीपासून होतंय? बाप सांगतो, लहानपणापासून. विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. ही सरळसरळ केस-हिस्टरी आहे. देवापुढे मुलाचा आजार असा तपशिलात सांगता येतो, डॉक्टरांना सांगतो तसा. मग बाप म्हणतो, ‘तुला काही करता येत असेल तर...’ म्हणजे खात्री नाहीच. आणि शेवटी ओरडतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. येशूनं त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलाला उठवलं. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं कोणी तुमच्या तोंडावर म्हटलं तर हा अध्याय त्यांना वाचायला द्या.

आता अपराधीपणाचं. विदर्भात याचं एक खास रूप आहे, सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडून ही लेकरं नागपूरला येतात. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून ते जनुक बाळगणारे असले आणि दोघांचाही रिपोर्ट ‘एएस’ असला, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल ‘एसएस’ म्हणजे आजारी जन्मेल, चारात दोन की ते वाहक असेल, आणि चारात एक की पूर्ण मोकळं असेल. हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरतं. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. हे नीट न सांगितल्यामुळे घराघरांत दोष कोणाचा यावर भांडणं होतात, आणि तो बहुतेक वेळा सुनेच्या माथी येतो, खरं तर जनुक दोघांकडून आलेलं असतं.

त्यावर प्रार्थनासभेत कोणीतरी ‘पिढीजात शाप’ म्हणतं. दोन गोष्टी सांगायच्या. हे जनुक आपल्या भागात टिकलं कारण वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्टीत ज्या तापानं लेकरं दगावत, त्यातून ज्यांच्याकडे हे जनुक होतं ती जास्त वाचली. ज्याला शाप म्हणताय त्यानं पणजोबाला जिवंत ठेवलं असेल. दुसरी गोष्ट यहेज्केल, अठरावा अध्याय. वडिलांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात चालायची. परमेश्वर म्हणतो, ही म्हण पुन्हा वापरू नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं: पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? उत्तर होतं, ‘ना याचं, ना त्यांचं.’ योहान नऊ. काही जण दाविदाचं उदाहरण काढतात, त्याचं मूल त्याच्या पापामुळे गेलं म्हणून. तिथे हे सांगायला नाथान संदेष्ट्याला देवानं स्वतः पाठवलं होतं. नाथानाचं काम स्वतःहून अंगावर घेऊ नये.

औषध की प्रार्थना, हा वाद शास्त्रात नाहीच. हिज्कीया राजा मरणाला टेकला. त्यानं रडून प्रार्थना केली आणि देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली. तरी यशयानं सांगितलं, अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. वचन मिळाल्यावर लेप. लूक वैद्य होता, पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपल्या शहरात सीताबर्डीचं मूर मेमोरियल मिशनच्या लोकांनी उभं केलं ते याच समजुतीनं.

म्हणून ‘आता प्रार्थना झाली, गोळ्या बंद करा’ असं कोणी म्हणालं तर तो कोणत्याही मंडळीचा असो, ऐकू नका. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चांगलं वाटतंय म्हणून सोडलं की काही आठवड्यांत त्याचा परिणाम ओसरतो आणि दुखण्याचे झटके परत येतात. फेफऱ्याची गोळी एकदम बंद केली तर लागोपाठ झटके येऊ शकतात, ते जिवावर बेततं. आणि सिकलसेलच्या मुलाला १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. या मुलांची प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असणारा, रक्तातले जंतू गाळणारा अवयव, लहान वयातच निकामी होत जाते, त्यामुळे जंतू रक्तात झपाट्यानं पसरतात. प्रार्थना रिक्षात करा. पोट डाव्या बाजूला फुगलं, मूल पांढरंफटक पडलं, छातीत दुखून श्वास लागला, अंगाची एक बाजू लुळी पडली, तरी तसंच. ऊन लागून बरळणाऱ्या लेकरालाही आधी सावलीत घ्या, अंग पाण्यानं ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

उपासाचंही सांगून टाकतो. पाजणाऱ्या आईनं उपास करू नये. रात्रंदिवस उशाशी बसलेल्या बापानंही नको. मंडळीतल्या धडधाकट माणसांनी त्यांच्या वतीनं करावा आणि वाचलेला डबा वॉर्डात पोचवावा.

आता पाहुणे. दोघांनी जावं, चौघांनी नाही. दहा मिनिटं. सर्दी-खोकला असेल तर घरूनच प्रार्थना करा. कॅन्सरसाठी किमो चाललेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, तुमची साधी शिंक त्याला आयसीयूत नेऊ शकते. त्याच कारणानं फुलं आणि बाहेरचं उघडं खाणंही नको. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, अंगठी-बांगडीखाली सुद्धा. पलंगावर बसू नका, नळ्या दबतात. अत्तर नको. आधी आईला विचारा, मग मुलालाही विचारा, ‘तुझ्यासाठी प्रार्थना करू का?’ पाच वर्षांचं पोरही मान हलवून नाही म्हणू शकतं, आणि ते ऐकायचं. डोक्यावर हात ठेवण्याची आपली सवय, पण टाके किंवा शंट (डोक्यातलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असेल तर तळव्यावर किंवा पायावर ठेवा. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ देऊ नका. तिथलं लेकरू आत्ताच झोपलेलं असतं.

तेलाचा अभिषेक याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात सांगितलाय. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, ते तेल लावून प्रार्थना करतील. तेल किती हे लिहिलेलं नाही. बोट नुसतं ओलं होईल एवढं पुरे, कपाळावर. ऑक्सिजन चालू असेल तर नाकातोंडाजवळ तेल नको. ज्या चिकटपट्टीनं नळी गालाला लावलेली असते ती तेलानं सुटते, आणि ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ आगीच्या दृष्टीनंही नको. मेणबत्ती तर वॉर्डात पेटवायचीच नाही. काचेच्या पेटीतल्या नवजात बाळाला तेल लावण्याआधी सिस्टरला विचारा, तिनं नाही म्हटलं तर तिथेच विषय संपला.

नागपुरात एकाच वॉर्डात कॅथलिक फादर, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) पाळक आणि पेंटेकॉस्टल मंडळीचे भाऊ असे तिघे एका दुपारी येऊ शकतात, आणि आईबाप गोंधळतात. कॅथलिक पद्धतीत आजाऱ्याचा अभिषेक हा संस्कार समज आलेल्या मुलासाठी असतो, साधारण सातव्या वर्षापासून. त्याहून लहान लेकरासाठी फादर आशीर्वादाची प्रार्थना करतात, तान्ह्याला अभिषेक ‘नाकारला’ असा त्याचा अर्थ नाही. बाप्तिस्म्याचा प्रश्न जास्त घाईचा असतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली २९ नोव्हेंबरला इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झालं, आणि त्यात बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. बाळ हातचं जातंय असं वाटलं आणि आईबापांची इच्छा असेल, तर कॅथलिक रीतीप्रमाणे कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, सिस्टरसुद्धा. डोक्यावर तीनदा पाणी आणि शब्द एवढेच: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते.’ पेटीतल्या बाळाला सिस्टरकडून निर्जंतुक पाणी मागून काही थेंब पुरतात. नंतर चर्चला कळवून वहीत नोंद करायची. ज्या मंडळ्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत त्या बाळाला प्रभूच्या हाती अर्पण करण्याची प्रार्थना करतात. तिथे उभं राहून कोणाचं बरोबर हा वाद काढणारा भाऊ दिसला तर त्याला चहा प्यायला खाली घेऊन जा.

खालीच बाप सापडेल. पार्किंगमध्ये, औषधाच्या दुकानासमोर, रक्तपेढीच्या रांगेत. सगळे आईजवळ प्रार्थना करतात, बापाजवळ कोणी थांबत नाही. त्याच्या हातातल्या पिशव्या तुम्ही धरा, तिथेच उभ्या उभ्या चार वाक्यं प्रार्थना करा. सरकारी उपचार योजनेसाठी आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स मागतात, चार-चार प्रती काढून द्या. पाकीट द्यायचं तर सुट्ट्या नोटांचं. रक्त लागणार असेल तर मंडळीतल्या कोणाचं वजन ४५ किलोच्या वर आहे, वय १८ पूर्ण आहे, आणि मागचं रक्तदान पुरुषाचं तीन महिन्यांपूर्वीचं, बाईचं चार महिन्यांपूर्वीचं आहे, अशी यादी आधीच करून ठेवावी. ही यादी ज्या मंडळीकडे तयार असते तिची प्रार्थना मला जास्त पटते.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर आईबापांना विचारून टाका. नळ्या लावलेल्या लेकराचा फोटो नाही, आजाराचं पूर्ण नाव नाही, खाट नंबर नाही. उलट हे लिहा: ‘उद्या सकाळी नऊला पाठीतून पाणी काढणार आहेत. त्या वेळी आणि नंतर काही वेळ न हलता पडून राहायचं आहे. नऊ ते दहा, ज्याला जमेल त्यानं.’ वेळ दिली की लोक खरंच थांबतात.

बोलताना ‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे टाळा. पहिल्या करिंथच्या दहाव्या अध्यायातलं ते वचन मोहाबद्दल आहे, आजाराबद्दल नाही. ‘यामागे काहीतरी चांगलं असेल’ हेही नको. काहीच सुचत नसेल तर गप्प बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तेवढे दिवस बरे होते.

मूल विचारतं, ‘देव मला बरं का करत नाही?’ खरं उत्तर द्या: ‘मला माहीत नाही. पण मी इथेच आहे, आणि तोही.’ ‘चांगली मुलं लवकर बरी होतात’ हे सांगू नका. ताप वाढला की त्याला वाटतं आपण वाईट आहोत. घरी आजीजवळ राहिलेल्या भावंडाला कोणीतरी वेगळं बसवून सांगा की तू त्याच्यावर चिडला होतास म्हणून तो आजारी पडला नाही.

आणि लेकरू गेलं तर काही समजावू नका. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, त्याला पुढे काय करायचंय ते ठाऊक असून रडला. तारीख फोनमध्ये घालून ठेवा. पुढच्या वर्षी त्या दिवशी जा, आणि मुलाचं नाव घ्या. लोक नाव घ्यायचं बंद करतात, तेच आईला लागतं.

बरं होऊन घरी आलेल्या मुलाला रविवारी पुढे उभं करून साक्ष द्यायला लावण्याआधी दोनदा विचार करा. ज्यांचं लेकरू परत आलं नाही ते आईबाप त्याच बाकांवर बसलेले असतात. उपकारस्तुती जरूर करा, पण त्याच प्रार्थनेत अजून भरती असलेल्यांची नावंही घ्या.

याईराच्या मुलीला येशूनं उठवलं, बारा वर्षांची होती ती. सगळे थक्क होऊन पाहत असताना तो म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. दवाखान्यातून घरी आल्यावरची प्रार्थना अशीच असते. सिकलसेलच्या मुलाला उन्हाळ्यात थोडं-थोडं करून दिवसभर पाणी प्यायला लागतं, कारण पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, पेशी अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. त्याची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून लघवीलाही वारंवार लागते. सकाळी पाण्याची बाटली भरताना एक ओळ प्रार्थना करा, बाटली दप्तरात घाला, आणि शाळेच्या वर्गशिक्षकांना तसंच संडे स्कूलच्या बाईंना चिठ्ठी द्या की तास चालू असला तरी याला पाणी पिऊ द्यावं आणि मागेल तेव्हा बाहेर जाऊ द्यावं.